बेळगाव परिसरात जुना गिटार अ‍ॅम्प्लिफायर स्वस्तात मिळवताना

गेल्या सहा वर्षांत मी बेळगाव, खानापूर, निपाणी आणि संकेश्वर या टापूतून एकूण सात जुने अ‍ॅम्प्लिफायर विकत घेतले. त्यांतले तीन आजही उद्यमबाग औद्योगिक वसाहतीजवळच्या आमच्या शेडमध्ये वाजतात, दोन दुरुस्त करून मित्रांना दिले, एक सुट्या भागांसाठी ठेवला आहे आणि एक मी स्वतःच्या उतावळेपणाने पहिल्याच दिवशी जाळला. गॅरेज रॉक (घरच्या शेडमध्ये जमणारे ओबडधोबड रॉक) वाजवू पाहणारी नवी मुले हल्ली भेटली की ‘इथे जुना फेंडर किंवा व्हॉक्स कुठे मिळेल’ असे विचारतात, आणि मी त्यांना प्रत्येक वेळी तेच सांगत बसतो. ते सगळे एकदाच नीट लिहून काढावे, म्हणून हा लेख.

१. आधी काय शोधायचे ते ठरवा

आपल्या भागात जुना फेंडर किंवा व्हॉक्स जवळपास मिळत नाही, आणि मिळाला तर तो स्वस्त नसतो. परदेशातून मागवावा तर या वजनदार वस्तूचे भाडे आणि सीमाशुल्क मिळून हिशेब कोलमडतो. येथे मिळतात ते सभा, जत्रा, भजन आणि ऑर्केस्ट्रा यांसाठी वापरले गेलेले देशी अ‍ॅम्प्लिफायर: अहुजासारख्या कंपन्यांचे माईकचे अ‍ॅम्प्लिफायर, स्थानिक कारागिरांनी पत्र्याच्या पेटीत जुळवलेले बिननावाचे संच आणि फिलिप्स, मर्फी, बुश यांचे व्हॉल्व्हचे (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या, काचेच्या निर्वात नळ्यांचे) रेडिओ. यांतलेच काही गिटारसाठी उत्तम ठरतात.

यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही, कारण या संगीताचा आवाज मुळात स्वस्त सामानातूनच घडला आहे. अमेरिकेत १९६०च्या दशकात सीअर्स या दुकानसाखळीतून सिल्व्हरटोन नावाने विकले जाणारे संच शाळकरी मुलांना परवडत होते. त्यांतल्या एका प्रकारात तर गिटारच्या पेटीतच अ‍ॅम्प्लिफायर बसवलेला असे. इंग्लंडमध्ये द किंक्स या बँडचे गिटारवादक डेव्ह डेव्हिस यांनी १९६४ साली एल्पिको नावाच्या एका लहानशा अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकरचा कागदी कोन पात्याने चिरला आणि त्यातून निघालेला फाटका आवाज तबकडीवर गेला. आपल्याकडेही १९७०च्या सुमारास सिमला बीट या बँडच्या स्पर्धेत उतरणारे तरुण हाताशी आलेल्या सामानावरच वाजवत होते.

व्हॉल्व्हचा संच पाहत असाल तर त्यावरील क्रमांक वाचायला शिका. ईसीसी ८३ आणि १२ एएक्स ७ ही एकाच लहान व्हॉल्व्हची दोन नावे आहेत आणि ती सुरुवातीच्या टप्प्यात असते. ईएल ८४ (तिचेच दुसरे नाव ६ बीक्यू ५) ही शेवटच्या टप्प्यातली व्हॉल्व्ह. एक असेल तर साधारण ५ वॅट, जोडी असेल तर १५ वॅटच्या आसपास शक्ती मिळते. व्हॉक्सच्या ३० वॅटच्या प्रसिद्ध संचात अशा चार असतात. हे आकडे ऐकायला किरकोळ वाटतात, पण बंद शेडमध्ये ड्रमसह सराव करताना १५ वॅटचा व्हॉल्व्हचा संच भरपूर होतो. बेंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने एकेकाळी अशा व्हॉल्व्ह तयार केल्या आहेत; त्यांचा शिक्का असलेली व्हॉल्व्ह दिसली आणि काच शाबूत असली, तर ती जपून ठेवावी.

ट्रान्झिस्टरचे माईक-संच संख्येने कितीतरी जास्त मिळतात आणि स्वस्तही पडतात. त्यांचा आवाज फाटतो तेव्हा तो कोरडा आणि टोकदार फाटतो. पुढे एखादे फझ पेडल (आवाज मुद्दाम फाडणारी पायाने चालवायची डबी) लावणार असाल तर हे चालून जाते, आणि पहिली खरेदी म्हणून मी तरी ट्रान्झिस्टरचाच सल्ला देईन, कारण त्यात चूक झाली तरी ती सहसा जिवावर बेतत नाही.

२. सोबत काय न्यावे

बघायला जाताना पिशवीत पुढील सामान असू द्या: मल्टीमीटर, टॉर्च, फुली आणि चपट्या तोंडाचे पेचकस, पाव इंची जॅकची गिटारची वायर, आठ ओहमचा एक जुना स्पीकर (त्याच्या तारा सोडवून ठेवलेल्या), आणि ‘सिरीज दिवा’. सिरीज दिवा म्हणजे वाहिनीच्या एका तारेत ६० ते १०० वॅटचा तारेचा बल्ब जोडलेला लाकडी फळीवरचा बोर्ड. एलईडी बल्ब यासाठी चालत नाही. तारेचे बल्ब आता दुकानात सहज मिळत नाहीत, म्हणून दिसतील तिथे दोन घेऊन ठेवा.

कागदपत्रांच्या बाबतीत लोक हयगय करतात. देवळातून आणि शाळांतून माईकचे संच चोरीला जातात आणि ते कधीकधी भंगारात येतात. त्यामुळे साध्या कागदावर का होईना, पण विक्रीची पावती घ्या: विकणाऱ्याचे नाव, गाव, सही, संचाचे नाव व अनुक्रमांक, रक्कम आणि तारीख. संच एखाद्या मंडळाचा किंवा देवस्थानाचा असेल तर ती सही पदाधिकाऱ्याची असावी. स्वतःच्या ओळखपत्राची एक प्रत जवळ ठेवा. कोल्हापूरकडून सामान आणताना वाटेत कोणी विचारलेच तर हीच पावती दाखवता येते.

३. कुठे शोधावे

सगळेजण आधी मोबाईलवरच्या जाहिराती बघतात. तिथे येईपर्यंत संचाला ‘अँटिक’ हा शब्द चिकटलेला असतो आणि किंमत तिप्पट झालेली असते. मला सातपैकी सहा संच ओळखीपाळखीतून मिळाले.

पहिली जागा म्हणजे जुने मंडप व साउंड सर्व्हिसवाले. गणेशोत्सवातला आवाज मोठमोठ्या संचांवर गेल्यापासून त्यांच्या गोदामात मागच्या पिढीचे सामान पडून आहे. उत्सवाच्या आधीच्या महिन्यात त्यांच्याकडे जाऊ नका, कोणाला मान वर करायला वेळ नसतो. दिवाळी उलटल्यावर गोदाम आवरायला काढतात, तेव्हा जा. दुसरी जागा म्हणजे बंद पडलेल्या ऑर्केस्ट्रांचे मालक आणि वादक. तिसरी, रेडिओ दुरुस्त करणारी वयस्कर मंडळी; त्यांच्याकडे स्वतःचे सामान नसले तरी कोणाच्या माळ्यावर काय आहे याची माहिती असते. खासबागचा रविवारचा बाजार आणि शहरातल्या भंगारवाल्यांकडे फेरी मारायला हरकत नाही, मात्र तिथे संच येतो तो बहुधा अर्धा सोलून. चोर्ला घाटातून गोव्यात जाणे होत असेल तर म्हापशाचा शुक्रवारचा बाजार पाहावा. गोव्यातल्या जुन्या वादक कुटुंबांकडे खरोखरीचे गिटारचे अ‍ॅम्प्लिफायर असण्याची शक्यता आपल्यापेक्षा जास्त आहे, पण त्यांना त्यांचे मोलही ठाऊक असते.

माझा सर्वांत चांगला संच खानापूर तालुक्यातील एका गावात मिळाला. मालक एकेकाळी जत्रांमधून ऑर्केस्ट्रा चालवत. मागच्या खोलीत भाताच्या पोत्यांमागे गोणपाटात गुंडाळलेली हिरवट पत्र्याची पेटी होती; गोणपाट सोडल्यावर आतून उंदरांनी कुरतडलेल्या कागदाचा चुरा पडला आणि दर्शनी पट्टीवर पांढऱ्या रंगाने रंगवलेले गावाचे नाव दिसले. मी विचारले, ‘‘काका, चालू आहे का?’’ ते म्हणाले, ‘‘चालू की हो! बंद कुठं पडला होता? आम्हीच वाजवायचं सोडलं.’’ आत दोन ईएल ८४ जागच्या जागी होत्या. तो संच मी १,८०० रुपयांना घेतला आणि त्याच्या दुरुस्तीला पुढे २,६०० रुपये लागले. दुरुस्ती खरेदीपेक्षा महाग पडते, हे गृहीत धरूनच खिशात हात घाला.

४. भाव करताना

या व्यवहारात तुमची स्पर्धा दुसऱ्या गिटारवादकाशी क्वचितच असते. ती असते भंगारवाल्याशी, कारण ट्रान्सफॉर्मरमधील तांबे आणि पेटीचे लोखंड यांचा किलोचा भाव मालकाला पाठ असतो. म्हणून आधी संचाचे वजन अंदाजाने धरून तो भंगारात किती रुपयांना जाईल याचा हिशेब करा आणि त्याच्या थोडे वरचे बोला. मालकाला ‘हा मोडणार नाही, वाजवणार आहे’ हे पटले की भाव उतरतो, निदान माझ्या अनुभवात तरी उतरला आहे. हुक्केरी, गोकाककडे गेलात तर कन्नडमध्ये ‘स्वल्प कम्मी माड्री’ एवढे तरी म्हणता यायला हवे. पुढचे बोलणे मग आपोआप मराठी-कन्नड मिसळून होते.

५. जागेवरची तपासणी

संचातले जवळजवळ सगळे भाग बदलता येतात. व्हॉल्व्ह मिळतात, कंडेन्सर आणि रजिस्टन्स तर किरकोळ किमतीत मिळतात. जे बदलणे महाग आणि त्रासाचे, ते म्हणजे दोन ट्रान्सफॉर्मर: एक विजेचा, दुसरा स्पीकरकडे जाणारा म्हणजे आउटपुटचा. म्हणून सगळी तपासणी त्यांच्याभोवतीच करायची.

पहिल्यांदा वास घ्या. जळालेल्या वाइंडिंगला करपलेल्या व्हार्निशचा वास वर्षानुवर्षे राहतो. ट्रान्सफॉर्मरच्या खाली डांबरासारखा काळा ओघळ दिसला तर तो कधीतरी भयंकर तापलेला आहे.

नंतर संच विजेला न जोडता, त्याचे बटण ‘चालू’ स्थितीत ठेवून, प्लगच्या दोन पिनांमध्ये मल्टीमीटरने रोध मोजा. काही दशक ओहम दाखवले तर विजेच्या ट्रान्सफॉर्मरचे वाइंडिंग सलग आहे. काहीच दाखवले नाही तर आधी फ्यूज पाहा, फ्यूज ठीक असेल तर वाइंडिंग तुटलेले आहे. जवळपास शून्य दाखवले तर शॉर्ट आहे. मग एकेका पिनेपासून पेटीच्या उघड्या धातूपर्यंत मोजा. तिथे मल्टीमीटरने काहीही दाखवता कामा नये. तीन पिनांचा प्लग असेल तर जाड पिन, म्हणजे अर्थिंग, पेटीला जोडलेली असायलाच हवी.

या शेवटच्या मोजणीला मी इतके महत्त्व देतो याला कारण आहे. काही जुन्या रेडिओंमध्ये विजेचा ट्रान्सफॉर्मरच नसतो आणि वाहिनीची एक तार थेट आतल्या सांगाड्याला जोडलेली असते. लाकडी पेटीत असेपर्यंत ते निभावते, पण तिथे गिटारची वायर जोडली की गिटारच्या तारा सरळ २३० व्होल्टला जोडल्या जाऊ शकतात. हे संच ओळखण्याची सोपी खूण म्हणजे त्यांच्या व्हॉल्व्हची नावे ‘यू’ने सुरू होतात, जसे यूएल ८४. ‘ई’ने सुरू होणाऱ्या व्हॉल्व्हची तापणारी तार ६.३ व्होल्टवर चालते आणि त्यांच्यासोबत बहुधा ट्रान्सफॉर्मर असतो. ‘यू’चा संच फुकट मिळाला तरी गिटारसाठी घेऊ नका.

इथे शब्दांचा एक घोटाळा होतो. असल्या रेडिओंना जुने लोक ‘एसी-डीसी सेट’ म्हणतात. पण प्रचाराच्या जीपवर किंवा रिक्षावर लावायचे माईकचे अ‍ॅम्प्लिफायरही ‘एसी-डीसी’ म्हणूनच विकले जातात आणि तिथे त्याचा अर्थ विजेवर तसेच १२ व्होल्टच्या बॅटरीवरही चालणारा एवढाच असतो. हे दुसऱ्या प्रकारचे संच वापरायला हरकत नाही. नावावर न जाता मल्टीमीटरवर जा.

परदेशी संच हाती लागलाच तर मागची पट्टी वाचा. अमेरिकेतील वीज १२० व्होल्ट, जपानमधील १०० व्होल्ट. आपल्या सॉकेटमध्ये तो थेट खोवला की संपला. त्यासाठी स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो संचाच्या लिहिलेल्या वॅटच्या साधारण दुप्पट क्षमतेचा घ्यावा.

६. पहिल्यांदा चालू करताना

माझा जळालेला संच निपाणीचा होता. तो बारा-पंधरा वर्षे माळ्यावर पडून होता. मी तो संध्याकाळी घरी आणला, धूळ पुसली आणि मित्रांसमोर ऐटीत प्लग लावला. अर्ध्या मिनिटात फटाक्यासारखा आवाज झाला, खोलीभर आंबट वास पसरला आणि कोणीतरी बटण बंद करेपर्यंत विजेचा ट्रान्सफॉर्मर धुरत होता. दीर्घकाळ पडून राहिलेले मोठे फिल्टर कंडेन्सर आतून सुकतात, त्यांना एकदम पूर्ण व्होल्टेज दिले की ते शॉर्ट होतात आणि ट्रान्सफॉर्मर ओढून नेतात. एका बल्बने तो संच वाचला असता.

सिरीज दिव्यातून संच चालू केला की बल्ब क्षणभर प्रखर पेटून मग मंद व्हायला हवा. तो प्रखरच राहिला तर आत शॉर्ट आहे. लगेच बंद करा. मंद झाला तर व्हॉल्व्हच्या आतली तार नारिंगी उजळते का ते पाहा. तार नारिंगी दिसणे ठीक, पण तिच्याभोवतीचा राखाडी पत्रा लाल होऊ लागला तर तोही संच बंद करायचा. बहुतेक वेळा मधला एखादा मेणकागदी कंडेन्सर गळत असतो.

व्हॉल्व्हचा संच स्पीकर जोडल्याशिवाय कधीही चालू करू नका, त्याने आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आणि पेटी उघडून आत हात घालू नका. आत ३०० ते ४५० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते कंडेन्सरमध्ये साठून राहतात. ज्याला ते रजिस्टन्समधून रिकामे करून मल्टीमीटरने खात्री करता येते, त्यानेच आत काम करावे.

७. दुरुस्तीवाला आणि त्याला काय सांगायचे

व्हॉल्व्हवर काम केलेला कारागीर शोधा, भले त्याचे दुकान आता मोबाईलच्या चार्जरवर चालत असो. मी एकदा घाईत एका दुकानात संच दिला आणि परत आला तेव्हा आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या जागी साधा विजेचा ट्रान्सफॉर्मर बसवलेला होता. मूळचा विचारला तर ‘टाकून दिला’ असे उत्तर मिळाले. तेव्हापासून मी संच देताना त्याचे फोटो काढतो आणि ‘काढलेला प्रत्येक भाग परत हवा’ असे कागदावर लिहून देतो.

कामांची यादी ठरलेली आहे. सर्व फिल्टर कंडेन्सर व मेणकागदी कंडेन्सर बदलणे, तीन तारांची वायर लावून अर्थिंग पेटीला घट्ट जोडणे, खरखरणारी बटणे साफ करणे किंवा बदलणे, आणि माईकच्या जुन्या आट्यांच्या सॉकेटऐवजी पाव इंची जॅक बसवणे. विजेचा ट्रान्सफॉर्मर गेला असेल तर मोटरचे वाइंडिंग करणारे तो भरून देतात. उद्यमबागेमुळे आपल्याकडे असे हात पुष्कळ आहेत. आउटपुटचा ट्रान्सफॉर्मर मात्र थरांनी गुंफलेला असतो, तो सगळ्यांना जमत नाही.

गिटारच्या पिकअपला (तारांची कंपने टिपणाऱ्या चुंबकी भागाला) समोर मोठा रोध लागतो, साधारण १० लाख ओहम. व्हॉल्व्हच्या संचात तो सहज मिळतो. ट्रान्झिस्टरच्या माईक-संचात मिळत नाही, आणि मग गिटार गोधडीखालून वाजल्यासारखी ऐकू येते. अशा वेळी संचात काही न बदलता पुढे एक बफर पेडल लावले की आवाज मोकळा होतो.

सगळे झाल्यावर घरातील सॉकेटचे अर्थिंगही तपासून घ्या. फेज आणि अर्थ यांच्यामध्ये २३०च्या आसपास व्होल्टेज दिसत नसेल तर संचाला जोडलेले अर्थिंग नावालाच आहे.

८. स्पीकर

माईक-संचासोबत मिळणारा कर्णा गिटारला निरुपयोगी आहे. त्यातून खालचे स्वर येतच नाहीत. दहा किंवा बारा इंची कागदी कोनाचा स्पीकर घ्या आणि त्याचे ओहम संचाच्या मागील टोकांशी जुळवा. त्या पट्टीवर ४, ८, १६ आणि शेजारी ७० व्होल्ट, १०० व्होल्ट अशी टोके असतात. व्होल्ट लिहिलेली टोके लांबवर पसरलेल्या, स्वतःचा ट्रान्सफॉर्मर असणाऱ्या कर्ण्यांसाठी आहेत. तुमचा आठ ओहमचा स्पीकर ८ लिहिलेल्या टोकालाच जोडायचा. जुन्या रेडिओचा स्पीकर ऐकायला गोड असतो, पण १५ वॅटचा संच त्याला लावला तर कोन फाटतो. तो परिणाम हवाच असेल तर आधी सांगितल्याप्रमाणे पात्याने करावा, निदान कुठे फाटेल हे तुमच्या हातात राहते.

९. आणणे आणि पावसाळ्यात सांभाळणे

बसने आणणार असाल तर व्हॉल्व्ह काढून, जागांवर क्रमांक टाकून, कापडात गुंडाळून स्वतःजवळ ठेवा आणि पेटी टपावर देऊ नका; सामानाचे तिकीट लागले तर काढा. पावसाळ्यात खानापूरच्या बाजूची हवा तर विचारूच नका, आमच्या शेडमध्येही जुलैत कागदी कोनावर बुरशी धरते. संच जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा, वरून प्लास्टिकऐवजी सुती कापड टाका म्हणजे आत दमट हवा कोंडणार नाही, आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास तरी चालू ठेवा. गावाकडे रात्री उशिरा व्होल्टेज वर चढते, तेव्हा आधी मल्टीमीटर सॉकेटमध्ये घालून बघा. आकडा २५०च्या पुढे दिसला तर त्या रात्री अकूस्टिकच वाजवा.